काकूचा उजवा डोळा

४ मार्च

काका,

नमस्कार, आणि तो उभ्यानेच समजा, कारण दिवसभर मायक्रोस्कोपवर वाकून पाठ आणखी वाकायला तयार नाही.

आपल्या करारानुसार दर दहा ऑपरेशनांनंतर एक पत्र, आणि पत्रात फक्त चुका. शाबासकीच्या गोष्टी आईला फोनवर, चुका तुम्हाला कागदावर. हे चौथं पत्र. ह्या वेळी चूक एकच आहे.

काल मी पिशवी फाडली.

तुम्हाला सांगायला नको, तरी लिहिते, कारण लिहिलं की मला माझंच कळतं. मोतीबिंदूचा गर ज्या पातळ पिशवीत असतो तिचं पुढचं तोंड आम्ही गोल कापतो, गर फोडून ओढून घेतो आणि मागची बाजू शाबूत ठेवून त्याच पिशवीत नवी लेन्स बसवतो. गोल तर इतका गोल आला की मॅडम म्हणाल्या, "आज कंपास लावलास की काय?" झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर. शेवटचा तुकडा राहिला होता. पायाखालचं पेडल जरा जास्त दाबलं गेलं, मागची बाजू सर्रकन पुढे आली, काहीतरी चमकलं आणि बाहुली एकदम मोठी झाली. पुस्तकात हे शंभरदा वाचलंय, काका. पण पहिल्या क्षणी मला वाटलं, दिव्यालाच काहीतरी झालं.

पेशंट निवृत्त बसचालक. कापडाखाली टक्क जागे. माझा श्वास अडकला तेवढ्यावरून त्यांनी विचारलं, "काय झालं, ताई?" मॅडम म्हणाल्या, "थोडा वेळ जास्त लागेल, हलू नका." मी उठले, त्या बसल्या. वीस मिनिटांत त्यांनी डोळा वाचवला आणि लेन्ससुद्धा बसवली.

मला वाटलं, संपलं. तर हातमोजे काढताना मॅडम म्हणतात, "आता बाहेर जा आणि त्यांना सांग." ह्या विभागात तशी रीत आहे. ज्याच्या हातून झालं त्यानेच, त्याच दिवशी, पेशंटसमोर खुर्ची घेऊन बसून सांगायचं. उभ्याने नाही, घाईत नाही. मी बसले. म्हटलं, "आजोबा, तुमच्या डोळ्यातली पिशवी माझ्या हातून फाटली." ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. पण उद्या पट्टी मोठ्या बाईच सोडतील ना?" मी जिन्यात जाऊन ढसाढसा रडले.

आणखी एक. काकूशी फोनवर बोलले. डाव्या डोळ्याने तिला आता वर्तमानपत्राचे मथळे तेवढे दिसतात. उजवा तर एकोणीस वर्षांपूर्वीच गेला. तोही मोतीबिंदू आणि हाही, मग हा तरी वेळेत काढू या ना! तिला इथे पाठवा. एकच डोळा असलेल्या पेशंटला आम्हा शिकाऊंचा हात लागत नाही, मॅडम स्वतः करतात.

तुमची,
ढापणी

११ मार्च

चि. ढापणीस,

आशीर्वाद. रडलीस हे वाचून बरं वाटलं. पहिली पिशवी फाटल्यावर जो रडत नाही त्या सर्जनकडे मी आमची मांजरसुद्धा नेणार नाही.

आता ऐक. फाटली असं वाटताच घाबरून हत्यार झटकन बाहेर काढणं ही सगळ्यांत मोठी चूक. हत्यारामागून आतला पारदर्शक गोळा ओढला जातो आणि मग निस्तरता निस्तरत नाही. पेडलवरचा पाय फक्त पाणी चालू राहील एवढा ठेवायचा, दुसऱ्या हाताने आत जेल भरायचं, जागा घट्ट झाली की मगच बाहेर यायचं. आणि शेवटच्या तुकड्याला घाई नको. बहुतेक पिशव्या तिथेच फाटतात, कारण तोवर सर्जन मनातल्या मनात चहा प्यायला गेलेला असतो. पुढचे दहा दिवस खाटकाकडचे डोळे आण आणि फक्त शेवटचा तुकडा काढायचा सराव कर.

पण तुमच्या मॅडमचं ते खुर्ची घेऊन बसायचं खूळ मला अजिबात पटलं नाही. पेशंट धास्तावतो, नातेवाईक अंगावर येतात, आणि बरा होणारा डोळासुद्धा नीट बरा होत नाही. चूक मला सांग, मॅडमना सांग. पेशंटला नजर हवी असते, तुमचा कबुलीजबाब नको असतो.

काकूचं म्हणशील तर घाई नाही. तिचा धांदरटपणा तुला माहीत आहे. उजव्याच्या वेळी मी सगळं नीट करून दिलं होतं, लेन्स सुरेख बसली होती, आणि बाईंनी झोपेत डोळा चोळला. डाव्याचं तेच झालं तर कुणाकडे बघायचं? मी आहे इथे. विषय बंद.

काका

२ एप्रिल

काका,

रागावू नका. तुम्ही परिषदेला गेलात आणि काकू बॅग भरून माझ्याकडे आली. "तुझी खोली बघायला," म्हणे. खोली बघून झाली पाच मिनिटांत. एक खाट, एक टेबल आणि भिंतीला टेकवलेली पुस्तकं. मग म्हणाली, "चल, तुझ्या मॅडमना डोळा दाखवून टाकू, तुझ्या काकांना नंतर सांगू." म्हणजे आणायचा बेत माझा असला तरी पळून यायचा बेत तिचा.

पण मला दुसरंच सांगायचंय. काल दुपारी ती जरा आडवी झाली. आधी तिने एक रुमाल काढला, दोन्ही मनगटांना गुंडाळला आणि गाठ दातांनी ओढून घट्ट केली. मी म्हटलं, "अगं, हे काय?" म्हणाली, "सवय. तेव्हापासूनची." तुम्हाला हे माहीत असणारच. मला माहीत नव्हतं.

आणि तिने लोकांचे केस कापणं का सोडलं तेही आत्ता कळलं. मला वाटायचं, एका डोळ्याने अंदाज येत नसेल. तर म्हणते, "एक डोळा पुरतो गं. पण जे हात झोपेत आपलाच डोळा घालवतात ते कात्री घेऊन दुसऱ्याच्या कानाजवळ कसे न्यायचे?"

मॅडमनी डावा डोळा तपासला. ऑपरेशन सोपं आहे, पण थांबलं तर वर्षभरात आत्ता दिसतंय तेही दिसणार नाही. काकूने ऐकलं आणि मान हलवून नाही म्हणाली. "पुन्हा माझ्या हातून काही झालं तर? आहे तेवढं दिसतंय, पुरे." मी विनवलं, रागावले, ढिम्म हलली नाही. काका, तुमच्या शब्दाखेरीज ती तयार होणार नाही.

मला स्वतःचीही लाज वाटतेय. आपल्या घरात लहानपणी कुणी डोळे चोळले की सगळे ओरडायचे, "काकूसारखं करू नकोस!" ते वाक्य मी थेट दवाखान्यात घेऊन आलेय. पेशंटला घरी सोडताना मी हटकून सांगते, "माझ्या काकूने डोळा चोळला आणि घालवला, तुम्ही तसं करू नका." लोक घाबरून हात पाठीमागे धरतात, इतकी उपयोगी गोष्ट. काल एका आजींना सांगत होते आणि मागे बाकावर काकू बसलीय हे विसरलेच. तिने त्या आजींकडे बघून शांतपणे मान हलवली. "हो, मीच ती."

उजव्या डोळ्याचं बुबुळ पांढरं पडलंय, आतलं काही दिसत नाही, म्हणून उद्या त्याची सोनोग्राफी आहे. एक डोळा करायचा तर दुसऱ्याचं काय झालं होतं ते आधी बघायचं, असं मॅडमचं म्हणणं.

ढापणी

३ एप्रिल

काका,

काकूच्या उजव्या डोळ्यात लेन्स नाही.

सरकलेली नाही, तुटलेली नाही, नाहीच. आणि डोळ्याच्या अगदी तळाशी मोतीबिंदूचा गर पडलाय. जवळजवळ अख्खा. सोनोग्राफीवाल्या ताईंनी आधी यंत्रावर संशय घेतला आणि दुसरं यंत्र आणलं. मग मी स्वतः पाहिलं. काकूला म्हटलं, वर बघ, खाली बघ, आणि स्क्रीनवर तो गोळा सावकाश इकडून तिकडे सरकला. एकोणीस वर्षं तो तिथे आहे.

चोळल्याने लेन्स सरकते, टाका उघडतो, जंतू शिरतात. पण काढलेला मोतीबिंदू चोळल्याने डोळ्यात परत जात नाही. म्हणजे तो काढलाच गेला नव्हता, ऑपरेशन चालू असतानाच आत पडला होता. हे मला कळतंय आणि पुढचं मला कळून घ्यायचं नाहीये. माझं बघण्यात चुकलं, असं लिहा ना, काका.

काकू बाहेर बसलीय. मी दार उघडल्यावर तिने विचारलं, "फारच खराब केलाय का गं मी?"

ढापणी

९ एप्रिल

चि.,

पत्र वाचून आश्चर्य वाटलं. जुन्या, सुकलेल्या डोळ्यात काय वाटेल त्या सावल्या दिसतात. एकोणीस वर्षांत आत काय काय साचतं ह्याची तुला कल्पना नाही. तू चाळीस ऑपरेशनं केलीस, मी अकरा हजार. तुझ्या मॅडम शाळेत असतील तेव्हा मी शिबिरात दिवसाला तीस डोळे करत होतो.

काकूला ताबडतोब परत पाठव. तिच्याशी ह्यावर एक शब्दही बोलायचा नाही. ती साधी बाई आहे, तिला नसत्या शंका झेपणार नाहीत.

काका

१३ एप्रिल

काका,

अकरा हजारांचं राहू दे. मी एका डोळ्याबद्दल विचारलं होतं आणि त्याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. तुम्हाला चुका लिहून पाठवणारी मी, आणि तुम्ही मला शिबिराचे आकडे पाठवता!

मी काकूला पाठवणार नाही. नीट वाचा. ती डाव्याचं ऑपरेशन करून घेत नाहीये, कारण तिला वाटतं की उजवा तिने घालवला. हे खोटं आहे असं तिला कळलं नाही तर ती वर्षभरात आंधळी होईल. इतकं सरळ आहे ते. तुमच्या गप्प बसण्याची किंमत आता दुसरा डोळा आहे.

मॅडमना विचारलं, कुणी सांगायचं? त्या म्हणाल्या, "डोळा तिचा आहे, तिला कळलंच पाहिजे. पण ज्याच्या हातून झालं त्याला आधी संधी द्यायची. महिनाअखेरपर्यंत थांबते. नंतर मी सांगेन."

मी नऊ वर्षांची होते तेव्हा. काकूच्या पट्टीला हात लावायला गेले तर तुम्ही मला उचलून कडेवर घेतलं होतं आणि म्हणाला होतात, "तू मोठी हो, मी तुला डोळे बरे करायला शिकवेन." मी तेवढ्यावर इथपर्यंत आले. आज काय करू ते मला समजत नाही. मला तुमचा भयंकर राग आलाय.

ढापणी

१९ एप्रिल

चि. ढापणीस,

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. आता लिहितो.

तेव्हा हे नवं यंत्र नुकतंच आलं होतं. मी दोन दिवसांच्या शिबिरात ते शिकून आलो होतो आणि माझ्या दवाखान्यात पहिलं ऑपरेशन कुणाचं करायचं हा प्रश्न होता. आम्हा डॉक्टरांत एक समजूत होती. नवी पद्धत आणली की पहिली घरच्या माणसावर करायची, म्हणजे गावाला सांगता येतं, "बघा, आधी बायकोचा डोळा केला." लोकांचा विश्वास बसतो. मी काकूला विचारलंसुद्धा नाही, सांगितलं. ती खूष झाली.

तिच्या उजव्या डोळ्याला शाळेत असताना चेंडू लागला होता. म्हणूनच मोतीबिंदू लवकर आला होता. अशा डोळ्यात पिशवीला धरून ठेवणारे धागे कमजोर असतात, हे मला ठाऊक होतं. त्या डोळ्यावर नवी पद्धत शिकायची नसते, हेही ठाऊक होतं. मी मशीनचं टोक आत घातलं आणि दुसऱ्या मिनिटाला पिशवीसकट गर डोळ्यांदेखत खाली गेला. विहिरीत बादली सुटावी तसा. तुला दिव्यावर संशय आला, मला माझ्या डोळ्यांवर आला.

अशा वेळी पडद्याच्या डॉक्टरकडे न्यायचं असतं. ते चार तासांच्या अंतरावर होते. त्याच दिवशी नेलं असतं तर डोळा बहुतेक वाचला असता. पण नेणं म्हणजे सांगणं होतं. बाहेर लोक पेढ्यांची वाट बघत होते. मी पट्टी बांधली आणि छान झालं म्हणालो. वाटलं, दोन दिवसांनी काहीतरी निमित्त काढून नेऊ. तिसऱ्या दिवशी डोळा लाल भडक, ठणका. सिस्टरने काकूला विचारलं, "झोपेत चोळला का हो?" आणि काकूच म्हणाली, "माहीत नाही बाई, लागला असेल माझा हात."

मी तिथे उभा होतो. मी काही बोललो नाही. माझा गुन्हा एवढाच, की मी गप्प राहिलो. मग रोज थोडा थोडा गप्प राहिलो आणि एकोणीस वर्षं झाली.

आता एक विनंती. हे पत्र तिला तू वाचून दाखव. तिला अक्षर दिसत नाही आणि माझ्याच्याने तिच्यासमोर हे होणार नाही.

काका

२२ एप्रिल

काका,

पत्र सोबत परत पाठवतेय. मी तिला वाचून दाखवणार नाही. वाचताना दोनदा मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं, पण म्हणून नाही. तुमचं आहे म्हणून.

यायचं आणि तुम्हीच सांगायचं. माझ्या खोलीत खुर्ची एकच आहे, ती तुम्हाला देते.

ढापणी

८ मे

काका,

तुम्ही त्या दिवशी तासाभरात निघून गेलात, म्हणून पुढचं कळवते.

तुम्ही पत्र वाचून दाखवत होतात तेव्हा ती तुमच्याकडे बघत नव्हती, आठवतंय? स्वतःच्या मांडीवरच्या हातांकडे बघत होती. तुम्ही गेल्यावरही तशीच बसून राहिली. मी पाणी दिलं, ते घेतलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी चोळला नव्हता?" मी म्हटलं, "नाही." पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. संध्याकाळपर्यंत सात वेळा विचारलं, काका, मी मोजलं. आठव्यांदा तोंड उघडलं तेव्हा मला वाटलं पुन्हा तेच, तर म्हणाली, "डाव्याची तारीख घे."

पाच तारखेला झालं. मॅडमनी केलं, मी बाजूला बसून बुबुळावर पाणी सोडत होते. कोपर टेकवून बसले होते. शेवटच्या तुकड्याला मॅडमनी पेडलवरून पाय इतका हलका केला की मशीनचा आवाजच बदलला. तो आवाज मी लक्षात ठेवलाय. पिशवी अखंड, लेन्स मधोमध. सहा तारखेला पट्टी सोडली. तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ वाचली तिने. मग भिंतीवरच्या पंख्याच्या कंपनीचं नाव वाचलं, सिस्टरच्या खिशावरचं नाव वाचलं, माझ्या नाकावरचा मुरूम पाहिला आणि म्हणाली, "केस कुणी कापले तुझे? भादरलेत नुसते."

झोपताना अजून रुमाल बांधते. मी काही बोलत नाही.

तुम्ही विचारलंत, न्यायला कधी येऊ. मी तिला विचारलं. म्हणाली, "मला आता लिहिता येतं, मीच कळवते." पेशंटना मी काकूची गोष्ट सांगणं बंद केलंय. नवीन काही सुचलेलं नाही.

ढापणी

१७ मे

अहो,

अक्षर वाकडं आहे, सवय गेलीय. पण ओळ दिसते आणि ओळीखालची रेघही दिसते. थेंब मी माझ्या हाताने घालते. एकही बाहेर सांडत नाही.

तुमचं ते पत्र टेबलावरच राहिलं होतं. तुम्ही वाचलंत तेव्हा माझ्या कानांत नुसता आवाज होत होता, अर्धं शिरलंच नाही. काल मी ते स्वतः वाचलं. तीनदा वाचलं. यंत्राचं वाचलं, चेंडूचं वाचलं, पेढ्यांचं वाचलं. माणसाचा हात घसरतो, हे मला कळतं. मी कात्री चालवलीय, एकदा एका बाईच्या कानाची पाळी कापली होती. तुम्ही घाबरलात, तेही मी समजून घेईन. लगेच नाही, पण घेईन.

पण तुम्ही लिहिलंय, "माझा गुन्हा एवढाच, की मी गप्प राहिलो." तिथे मी थांबले.

तुम्ही गप्प नव्हता राहिलात. तुम्ही विसरलात का मुद्दाम लिहिलं नाहीत, मला माहीत नाही. पाचव्या दिवशी सगळे खोलीत जमले होते. सासूबाई, जाऊबाई, भावजी, दारात ही ढापणी. सासूबाई म्हणाल्या, "पोराने इतकं चांगलं करून दिलं आणि हिने वाट लावली." मी रडत होते. तुम्ही पुढे आलात, सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतलात आणि म्हणालात, "तिला कुणी काही बोलायचं नाही. मी तिला माफ केलंय."

सगळे म्हणाले, काय देवमाणूस आहे. मीही म्हणाले. मोठ्याने म्हणाले, सगळ्यांनी ऐकलं.

तेव्हापासून तुमच्यासमोर मी कधी आवाज चढवला नाही. तुम्ही काही टाकून बोललात की मनात यायचं, ह्या माणसाने आपलं एवढं मोठं पोटात घातलंय, आपण हे एवढंसं घालू नये? आपल्या मुलीचं लग्न तुम्ही ठरवलंत तिथे झालं. माझी कात्री-कंगव्यांची पेटी तुम्ही कुणाला देऊन टाकलीत, मी विचारलंसुद्धा नाही. माफी मिळालेल्या बाईने कशाला काही विचारायचं?

म्हणून आता विचारते. डोळ्याचं विचारत नाही. ज्या हाताने काहीच केलं नव्हतं तो हात धरून तुम्ही मला माफ केलंत, त्या वेळी तुमच्या मनात काय चाललं होतं? ते आठवून लिहा. ढापणीला नको, मला लिहा. मला वाचता येतं.

ते पत्र येईपर्यंत न्यायला येऊ नका.